एक्केचाळिसावा मीटर

आनाभाई परब कुठल्याच गोष्टीकडे समोरून बघत नसत. मान कलती करायची, डावा डोळा मिटायचा, गाल जवळजवळ त्या वस्तूला टेकवायचा आणि तिच्या अंगावरून नजर सरळ पलीकडे न्यायची. टेबल असो, भिंत असो, केळ्यांचा घड असो. मालवणच्या बाजारात सुरमई घेतानाही ते तिच्या पाठीवरून असेच बघायचे, आणि मासेवाली कोकलायची, "परबांनु, मासो घेतास की तेचो मुको?"

आनाभाई वाकल्या वाकल्या सांगायचे, "पाठ वाकडी आसा गो हिची. घरकाम जास्त केल्यान वाटता."

मी कोल्हापुरातून डिप्लोमा करून केळुसकर साहेबांच्या ऑफिसात लागलो, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मालवणच्या बाजारपेठेतल्या एका कापडदुकानाच्या माडीवर ते ऑफिस. साहेब इंजिनिअर, सावंत टायपिस्ट आणि आनाभाई ड्राफ्ट्समन. म्हणजे जागेवर जाऊन मोजणी करणारेही तेच आणि परत येऊन नकाशा काढणारेही तेच. साहेबांनी माझी ओळख करून दिली. आनाभाईंनी मान कलती केली, डोळा मिटला, माझ्या खांद्यावरून नजर फिरवली आणि निकाल दिला, "सरळ आसा. पण सुकाक नाय अजून. वाकात."

सावंत खो-खो हसला. मीही हसलो. आता सगळं सांगायलाच बसलो आहे, तर हेही सांगतो: मला राग आला होता. संगणकावर नकाशे काढायला शिकून आलेला मी, आणि रबरी चपला घालणारा हा माणूस मला वखारीतल्या फळीसारखा तपासत होता.

आनाभाईंच्या जवळ दोन वस्तू असत. एक टेप आणि एक वही. टेप कापडी, तीस मीटरची. समुद्राकाठची मोजणी झाली की तिला गोड्या पाण्याने आंघोळ. ऑफिसच्या मागच्या पडवीत त्यांनी बरोबर दहा मीटरवर दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. दर सोमवारी टेप त्या खुंट्यांमध्ये ताणून बघायचे, आणि बरोबर आली की तिच्यावरून हात फिरवून म्हणायचे, "शाणी माझी बाय ती."

वही लाल कापडी बांधणीची, चांगली जाडजूड. तिच्यात त्यांनी वीस-बावीस वर्षांत मोजलेली प्रत्येक जागा होती. या वहीत रबर चालत नसे. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, चुकलेला आकडा खालून वाचता आला पाहिजे, आणि ज्याने चूक केली त्याने बाजूला सही करायची. साहेबांनी एकदा एक माप चुकीचं सांगितलं होतं, तर आनाभाईंनी वही त्यांच्यापुढे नेऊन धरली. साहेबांनी निमूटपणे सही केली.

त्यामुळे त्या वहीचा दरारा असा, की अर्ध्या तालुक्यातली माणसं कुंपणावरून भांडली तर कोर्टाच्या आधी आमच्या माडीचा जिना चढत. "परबाच्या वहीत आसा" म्हटलं की पुढे बोलणं नाही.

कट्टा गावातल्या दाजी आणि सोनू या दोघा भावांची वाटणी अशीच वहीत होती. आनाभाईंनी जागा मोजली तेव्हा हद्दीची रेघ एका फणसाच्या झाडाच्या बरोब्बर मधून गेली. दोघे भाऊ झाडाकडे आणि एकमेकांकडे बघत राहिले. आनाभाई एका चिऱ्यावर बसले, पान लावलं, खाल्लं, आणि मग निकाल दिला, "झाड दोघांचा. फणस ज्येच्या अंगाक लागात, तेचो." वहीत तसं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या.

पुढच्या हंगामात दाजी धापा टाकत ऑफिसात आला. "भाई, सोनून फांदयेक दोरी लावन ती आपल्या अंगाक ओढल्यान!"

"मगे तू काय केलंस?"

"मी दुसरे फांदयेक लावलंय."

"झाडाक इचारलास काय, तेका खंय जावचा आसा ता?"

अशा ऑफिसात जीपमधून संगणक आला. साहेबांनी तो माझ्या भरवशावर घेतला होता, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्याच्यासाठी एक खोली बंद करून थंड हवेचं यंत्र बसवलं. बाहेर चपला काढायच्या. नारळ आनाभाईंच्या हातून फोडला. नारळ फोडून झाल्यावर ते साहेबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "बावीस वर्षां हय घाम गाळतंय, माका पंखो दिल्यानी नाय. हो पाव्हणो आज इलो, तेका थंड खोली!"

मे महिन्यात त्यांची त्या पाहुण्यावर फार माया. तासातासाला दार लोटून आत यायचे. "तब्येत बरी आसा मा तेची?" असं विचारून दहा मिनिटं बसायचे, सदऱ्याची वरची दोन बटणं सोडून.

पण बसता बसता ते शिकायला लागले. हे मात्र खरं शिकणं होतं. रेघ कशी काढायची, कोपरा कसा जोडायचा, सगळं विचारायचे आणि वहीच्या मागच्या पानावर टिपून घ्यायचे. एकदा मी रेघ पुसून दाखवली. पडद्यावर काही उरलं नाही. त्यांनी त्या रिकाम्या जागेवर बोट फिरवलं.

"मगे चूक केली ती कळतली कशी?"

"कळायची गरजच नाही, भाई."

"अरे व्वा," ते म्हणाले. "चोरांची सोय केल्यानी."

खोडी मी काढली ती त्यानंतरच्या आठवड्यात.

त्या प्रोग्राममध्ये उंचीचा एक आकडा असतो. सपाट नकाशा असेल तर तो शून्य ठेवायचा. पण तिथे कोणी नऊ घातलं, की त्यापुढे काढलेली प्रत्येक रेघ जमिनीपासून नऊ मीटर वर, अधांतरी राहते. पडद्यावर आपण वरून बघत असतो, म्हणून काही कळत नाही. दोन रेघा एकमेकींना भिडलेल्या दिसतात. प्रत्यक्षात एक अंगणात आणि दुसरी माडाच्या शेंड्यावर.

आनाभाई पानाची पिंक टाकायला बाहेर गेले होते. मी सावंतला डोळा मारला आणि उंचीत नऊ घातलं. समोर बर्फाच्या कारखान्याचा नकाशा उघडा होता, एका मोठ्या मासळीवाल्या शेठचं काम. एक भिंत आधी काढलेली होती. आनाभाई आले, त्यांनी दुसरी भिंत काढली, व्यवस्थित, ठरलेल्या जागी, आणि कोपरा जोडायचा हुकूम दिला. यंत्राने नकार दिला.

"कोपरो कित्याक जुळणा नाय रे?"

"हात थरथरला असेल, भाई. परत काढा."

परत काढली. परत नकार. तिसऱ्यांदा तेच. सावंत दारामागे तोंडात रुमाल कोंबून उभा. आनाभाईंनी चष्मा कपाळावर चढवला, मान कलती केली, डावा डोळा मिटला आणि गाल थेट पडद्याच्या काचेला टेकवला. असे ते चांगला मिनिटभर राहिले. मग तसेच काचेला चिकटून म्हणाले, "एक रेघ दुसरेच्या वर आसा रे."

सावंत खाली बसला, इतका हसला. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. त्या म्हाताऱ्याने काचेवरून नजर लावून जे सांगितलं ते शंभर टक्के खरं होतं, हे फक्त मलाच कळत होतं, आणि म्हणून तर मी जास्त हसत होतो.

एवढ्यात जिन्यावर साहेबांची पावलं वाजली. मी आनाभाईंच्या रेघा भराभर पुसल्या, नकाशा साठवला, यंत्र बंद केलं. नऊ तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच नकाशात कुंपणाची उरलेली अर्धी बाजू काढली. वहीतले आकडे बरोबर घातले. सगळं नऊ मीटर वर.

दोन दिवसांनी शेठ काम बघायला आले. साहेब त्यांना थंड खोलीत घेऊन आले. शेठनी विचारलं, "रस्त्याच्या अंगाक किती येता?" बाहेरच्या टेबलावरून आनाभाईंनी मान वर न करता सांगितलं, "चाळीस मीटर." मला यंत्र दाखवायची हौस. एका कोपऱ्यातल्या खांबापासून दुसऱ्या कोपऱ्यातल्या खांबापर्यंतचं अंतर मी यंत्राला विचारलं. पडद्यावर आलं: एक्केचाळीस.

शेठ दाराकडे वळून म्हणाले, "परबांनु, एक मीटर खंय ठेवलास? घराक नेलास काय?"

आनाभाई उठून आत आले. साहेब म्हणाले, "परब, यंत्र चुकत नाही."

"साहेब, मशीन खंय गेला मोजूक? माझेच आकडे खाल्ल्यान मा?"

साहेबांनी त्यांना भर उन्हात परत मोजायला पाठवलं. शेठ चहा पीत थांबले. आनाभाई तासाभराने आले, घामाने निथळत. "चाळीस." मग न सांगता पडवीत गेले, टेप खुंट्यांना लावली, बरोबर आली. या खेपेला तिच्यावरून हात फिरवला नाही. माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "झिला, वरसून रे काय बघतंस? माका जरा बाजूसून दाखव."

"तसं या यंत्रात दिसत नाही, भाई," मी म्हणालो.

थट्टा सोडली तर हे पहिलं खोटं. तसं अगदी व्यवस्थित दिसतं.

साहेब आणि शेठ खाली खाणावळीत जेवायला गेले, तेव्हा मी बाजूने बघितलं. कारखान्याची इमारत आणि अर्धं कुंपण जमिनीवर, आणि उरलेलं अर्धं कुंपण आकाशकंदिलासारखं वर टांगलेलं. यंत्र या खालच्या खांबापासून त्या वरच्या खांबापर्यंत तिरकं मोजत होतं. एकेक रेघ धरून मी खाली उतरवली. दहा मिनिटांचं काम. परत विचारलं: चाळीस.

ते जेवून आले. साहेबांनी विचारलं, "काय झालं होतं?"

इथे मला फक्त एक शब्द बोलायचा होता. पण मग नऊ कोणी घातलं आणि का घातलं, हे आलं असतं. शेठच्या कामाच्या नकाशावर मी म्हाताऱ्याची टिंगल करत बसलो होतो, हे आलं असतं. साहेबांनी माझ्या शब्दावर घेतलेलं यंत्र आणि मी, दोघंही त्याच जिन्याने खाली गेलो असतो.

"भाईंच्या वहीत एक आकडा चुकला होता, साहेब," मी म्हणालो. "मी दुरुस्त करून घेतला."

आनाभाईंनी वही उघडली. पान काढलं, बोट फिरवत वरपासून खालपर्यंत गेले. वही मिटली. कानावरची पेन्सिल काढली, खिशातल्या पानाच्या पुडीच्या कागदावर काहीतरी छोटं गणित केलं, कागद घडी करून परत खिशात ठेवला आणि साहेबांना म्हणाले, "व्हय. म्हातारो झालंय."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं खोटं वाक्य हे एकच.

शेठ मासळीवाले. संध्याकाळच्या लिलावापर्यंत परबाची वही चुकते हे अख्ख्या बंदराला कळलं. आठ दिवसांत दाजी आणि सोनू जिना चढून आले. कित्येक वर्षांनी दोघं एका बाजूला होते.

"वही चुकता, मगे आमचो फणसपण चुकलो आसतलो!" दाजी म्हणाला.

"पुरो माझ्या अंगाक आसतलो," सोनू म्हणाला.

"तुझ्या अंगाक? शिरां पडो तुझ्या तोंडार!"

त्यांच्या मागून आणखी दोघं-तिघं आपापलं पान बघायला येऊन गेले. एक फणस हलला असता तर बावीस वर्षांच्या कुंपणांना पाय फुटले असते, हे आनाभाईंना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्या दिवसांत त्यांनी कोणाची थट्टा केली नाही. सुरमई समोरून बघून घेतली म्हणे.

भावांची मागणी एकच: मशीनवर घाला. साहेबांनाही ते आवडलं. नवी पोलादी टेप आणली. कट्ट्याला मोजणीच्या दिवशी टेपचं एक टोक सावंतने धरलं, दुसरं मी, आकडे साहेबांनी स्वतः लिहिले. आनाभाईंना कोणी टेपला हात लावू दिला नाही. ते त्याच चिऱ्यावर बसून पान लावत होते. वाडीतली माणसं भोवती उभी.

मग सगळी वरात आमच्या थंड खोलीत. चपला बाहेर. दोघे भाऊ कुडकुडत, हात जोडून. आनाभाई माझ्या खुर्चीमागे. मी पहिला आकडा घालणार, इतक्यात ते वाकले. त्यांचा गाल माझ्या कानाजवळ आला आणि फक्त मला ऐकू येईल असं ते म्हणाले, "उंची बघ रे झिला. नऊ नाय मा खंय?"

उंची शून्यच होती, तरी मी परत शून्य घातलं. एकेक आकडा गेला. हद्दीची रेघ आली ती फणसाच्या बुंध्याच्या बरोब्बर मधून. वहीत होती तशीच, बोटाचाही फरक नाही.

सोनूने विचारलं, "म्हणजे वही खरी?"

साहेब अभिमानाने म्हणाले, "संगणक खरा."

भावांनी संगणकाला नमस्कार केला, दाजीने तर पायाच पडायला बघितलं, पण त्याला पाय सापडेनात. खोलीभर हशा झाला. तेवढ्यात साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय, बरोबर ना?"

आनाभाई हसत नव्हते. माझ्याकडे बघत होते, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"हो, साहेब," मी म्हणालो. "बरोबर."

सगळे गेल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "भाई, नऊ तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी खिशातून पुडीचा कागद काढला. त्यावर एक त्रिकोण होता. "काटकोन घेवक आमी तीन-चार-पाच धरतंव. लांबच्या अंतराक नऊ, चाळीस, एक्केचाळीस. माझ्या बापाशीन शिकयल्यान. आडव्या चाळीस. तुझा मशीन तिरक्या मोजता, एक्केचाळीस. मगे उभ्या किती?"

"मग त्याच दिवशी साहेबांना का नाही सांगितलंत?"

"ज्येणा चूक केल्यान, तेणाच खोडूक व्हयी," ते म्हणाले आणि वही पुढे केली, बर्फाच्या कारखान्याचं पान उघडून. त्यावर खोडलेलं काही नव्हतं. खाली कोरी जागा होती. "हय लिही. काय झाला ता. आणि सही कर. साहेब जाग्यार आसत."

मी म्हणालो, "उद्या करतो."

उद्या ते पान पुढे आलं नाही. आनाभाई एकदाच विचारणारे होते. गणपती झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली, वही ऑफिसातच ठेवली आणि जामसंड्याला मुलीकडे राहायला गेले. मोजणीला त्यांना परत कोणी बोलावलं नाही. आता मशीन होतं. लोक वहीऐवजी माझ्याकडे यायला लागले आणि मी त्यांना वहीतलेच आकडे यंत्रात घालून, छापून द्यायचो.

पुढच्या वर्षी मला पुण्यात चांगली नोकरी लागली. कोल्हापूरमार्गे पुण्याला जाताना वाट वाकडी करून जामसंड्याला गेलो. आनाभाई ओट्यावर बसले होते, मला बघून खूश झाले. मुलीला म्हणाले, "गो, इंजनेर इलो. पंखो लाव, ह्येका थंड खोलयेची सवय आसा." चहा झाला, गप्पा झाल्या. सावंत कसा, साहेब कसे, पाहुण्याची तब्येत कशी. मग मी धीर केला.

"आनाभाई, त्या दिवशी मी—"

"माका म्हायत आसा ता माका कित्याक सांगतंस?" ते म्हणाले. राग नव्हता, पोराला गणित समजावतात तसं बोलत होते. "माका सांगून तुका बरा वाटात. पण वही साहेबाच्या नि दाजीच्या डोक्यात चुकली आसा, माझ्या नाय. थंय सांग."

"पुण्याहून साहेबांना पत्र लिहितो."

"लिही मरे," ते म्हणाले.

ते पत्र मी लिहिलं नाही. सुरुवात केली होती, दोनदा. मग साहेब गेले. दाजी-सोनूंपैकी कोण हयात आहे, मला माहीत नाही. आनाभाई गेल्याचं तर मला तीन वर्षांनी कळलं. पानाच्या तळाची ती कोरी जागा कोणाच्या घरी आहे तेही ठाऊक नाही, म्हणून हे इथे लिहिलं: उंचीत नऊ मी घातलं होतं. वहीत चूक नव्हती. एकाही पानावर.

त्या दुपारी जामसंड्यात आनाभाई मला सोडायला स्टॉपपर्यंत आले. देवगडहून कोल्हापूरची गाडी आली, गच्च भरलेली. मी आत घुसलो, खिडकीजवळ जागा मिळाली. आनाभाईंनी खालूनच कंडक्टरला हाक मारली, साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशी. "ओ मास्तर! ह्येका उतरवा! ह्येका मालवणाक जावचा आसा, चुकान हय बसलो!"

गाडी हसली. कंडक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "काय हो, मालवणला जायचंय? ती काय समोर लागली आहे."

खरोखरच रस्त्याच्या पलीकडे मालवणची गाडी उभी होती. इंजिन चालू, अर्धी रिकामी.

"नाही," मी म्हणालो. "एक कोल्हापूर."

कंडक्टरने तिकीट फाडलं, घंटी वाजवली. गाडी हलली तशी मी खिडकीतून हात बाहेर काढला. आनाभाईंनी हात हलवला नाही. त्यांचं हसू मावळलं होतं. रस्त्याच्या कडेला ते ताठ उभे होते, आणि त्यांचा उजवा हात सरळ, अजिबात न हलता, त्या पलीकडच्या गाडीकडे रोखलेला होता. आमच्या गाडीने वळण घेतलं तरी त्यांनी तो खाली घेतला नव्हता.